उखळावरचं टेबल

जेसल पार्कातल्या माझ्या हॉलमधलं गोल टेबल मी स्वतः बनवलंय. येणारा प्रत्येक जण कौतुक करतो आणि मी विषय बदलतो. का, ते आज लिहितोय.

टेबलाला पाय नाहीत. खाली आमच्या जुन्या घरातलं, गुडघ्याएवढं दगडी उखळ आहे. घर बिल्डरला दिलं तेव्हा थोरल्या बहिणीने, ताईने, तेवढंच मागितलं होतं. आमच्यात पोरीची हळद आजोळच्या उखळात कुटतात, आणि तिची मुलगी लग्नाची होती. मी तिला सांगितलं, जेसीबीखाली फुटलं. खरं तर आदल्याच दिवशी मी ते टेम्पोने घरी आणलं होतं. एका हॉटेलात तसलं टेबल पाहिलं होतं आणि मला ते हवं होतं. याहून मोठं कारण नाही.

फळ्या जुन्या दाराच्या, सागाच्या. केबिन रोडच्या सुताराकडून जोडून गोल कापून घेतल्या. घासणं, पॉलिश माझं. उखळाच्या तोंडात बसेल असा ठोकळा तासला, त्यावर फळी स्क्रूने आवळली. तरी डुगडुगायचं. सुतार म्हणाला, "साहब, ऐसेही रहने दो. कभी निकालना पडा तो?" मी ऐकलं नाही. ठोकळा एपॉक्सीने कायमचा चिकटवला.

ताई पत्रिका घेऊन आली तेव्हा मी टेबलावर जमिनीपर्यंत चादर टाकली होती. त्यावरच ती चहा प्यायली. उखळ शेजारून मागून आणणार म्हणाली. मी बिस्किटं पुढे केली.

हळदीला मामा म्हणून पहिलं मुसळ मला धरायला लावलं. बायका गात होत्या. धरलं.

त्यानंतर चार महिने गेले. गेल्या आठवड्यात ती आली, तेव्हा मी चादर काढली आणि सगळं सांगितलं. ती खाली बसली, दगडावरून हात फिरवला. निघेल का, एवढं विचारलं. मी म्हटलं, काढायला गेलं तर दगडच फुटेल. तिने ठोकळ्याभोवतीची उखळाची कड चाचपली.

"आत आयेच्या हातची हलद व्हती का न्हाय? पिवला डाग?"

"होता," मी म्हणालो. "त्याच्यावर एपॉक्सी धरत नव्हतं. घासून काढला."

ती उठायला लागली. गुडघे दुखतात तिचे. मी हात पुढे केला. तिने भिंत धरली.