शालनबाई संघ मांडतात

ठकीच्या मानेखालचा हात काढून घ्यायचा तर एकेक बोट सोडवावं लागतं. शुभांगीची तर्जनी सुटली आहे, अंगठा सुटला आहे, बाकीची बोटं अजून त्या घामेजल्या जावळात अडकलेली आहेत. दुपार आहे. सासूबाई भिशीला गेल्या आहेत, विक्रांत बँकेत आहे, आणि घर एवढं गप्प आहे की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा पाय न वाजवता आल्यासारखी वाटते.

उशीवर लॅपटॉप उघडा आहे. वर मथळा: ‘कृष्णाकाठ मर्दानी : नव्या हंगामाचा संघ’. ही बायकांच्या कबड्डी लीगमधली टीम. मालक पाईपचे कारखानदार आहेत, आणि जिला खेळता येतं तिला लिहिताही येत असणार, अशी त्यांची भाबडी समजूत आहे. शुभांगी ठकीच्या आधीपर्यंत याच टीममध्ये डाव्या कोपऱ्यावर खेळायची. आता घरी बसून टीमबद्दल लिहिते. संघ-ओळखीचा हा मजकूर आज संध्याकाळी जायचा आहे. मॅनेजर मोहिते सरांचा सकाळीच फोन येऊन गेला. मजकूर पाठव म्हणाले, आणि डाव्या कोपऱ्याची जागा अजून भरलेली नाही, तू शिबिराला येणार असशील तर तुझं नाव घाल, नसशील तर तसं सांग, मी दुसरी बघतो.

बाकीच्या सगळ्या पोरींबद्दल लिहून झालं आहे. ‘डावा कोपरा’ एवढं लिहून पुढे कर्सर लुकलुकतो आहे. विक्रांतला विचारलं तर तो म्हणतो, तू ठरवशील ते. याचा तिला फार राग येतो, कारण मग ठरवावं लागतं.

ती जरा डोळे मिटते. नुसतेच मिटते, झोपत नाही. पंखा फिरतो आहे. फिरता फिरता त्याच्या आवाजाला लय येते, लयीला शब्द येतात, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, आणि हा घोष पंख्यातून नाही, स्वयंपाकघरातून येतो आहे हे तिच्या लक्षात येतं.

दारात शालनबाई जमदाडे उभ्या आहेत. नायलॉनची साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात मोज्यांवर कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. हातात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा डबा आहे आणि एक लाडू अर्धा संपला आहे.

“मेथी जास्त झालीय,” बाई म्हणतात आणि उरलेला अर्धा तोंडात टाकतात.

शुभांगीला उठून उभं राहावंसं वाटतं. बाईंसमोर बसून राहायची सवय नाही. तासगावच्या मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या, म्हणजे कबड्डी शिकवायच्या. लेझीम आणि कवायत तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरती. आठवीतल्या शुभांगीला त्यांनीच वर्गाबाहेर काढून कोपऱ्यावर उभी केली होती. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शुभांगीचे दिवस भरत आले होते, म्हणून कुणी तिला तासगावला जाऊ दिलं नाही.

“बाई, तुम्ही तर गेलात.”

“गेले की. मग काय तिथंच बसून राहू?” बाई डब्याचं झाकण लावतात. “उठ. संघ मांड.”

संघ मांडणं ही बाईंची रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या मुलींना ओळीत उभ्या करायच्या, एकमेकींचे हात धरायला लावायच्या, आणि मग प्रत्येकीनं आपल्या उजव्या हाताच्या मुलीची खोड मोठ्यानं सांगायची. गुण सांगायचे नाहीत. गुण काय, लोकांना गॅलरीतनं दिसतात, बाई म्हणायच्या. जिचा हात धरून उडी घ्यायची तिची खोड ठाऊक पाहिजे, नाहीतर दोघींचे दात पडतील. डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीच्या डाव्या हाताला कुणीच नसतं, त्यामुळे तिची खोड सांगायला कुणी उरायचं नाही. ती बाई स्वतः सांगायच्या.

शुभांगी लॅपटॉप छातीशी धरून बाईंच्या मागं निघते. स्वयंपाकघरातून बाहेर पडलं की जिना लागायला हवा, पण तासगावच्या बेदाण्यांच्या लिलावाची शेड लागते. छताला मोठं झुंबर आहे, कारण खेळाडूंचा लिलाव पंचतारांकित हॉटेलात होतो. खोक्यांच्या ओळी लागल्या आहेत, आणि हिरव्या-पिवळ्या बेदाण्यांत मांडी घालून टीमच्या पोरी बसल्या आहेत. टोपी घातलेले व्यापारी फिरताहेत. एक जण तेजलचा दंड चिमटीत धरून बघतो आणि सोबत्याला सांगतो की गोडी आहे, पण ओल राहिलीय.

“ही कोण?” बाई विचारतात.

शुभांगी मजकूर वाचते. तेजल शिरोडकर, चढाईला हिच्यासारखी लीगमध्ये दुसरी नाही. बाई हातानंच थांबवतात. मग शुभांगी खोड सांगते. गुण घेऊन परत येताना, मधली रेषा ओलांडायच्या आधीच तेजल कॅमेरा शोधते. मागच्या हंगामात एकदा तिनं कॅमेरा शोधला, केसांवर हात फिरवला, आणि तेवढ्यात मागून तिघींनी तिला कमरेला धरून पोत्यासारखी आडवी केली. ते सगळं फार छान टिपलं गेलं.

“मग कॅमेरा आपल्या अंगणात लावायला सांग,” बाई म्हणतात. “धावत येईल घरी.”

पुढच्या खोक्यात फरझाना मुल्ला आहे, मिरजेची, उजव्या मधल्या फळीवरची भिंत. तिला एकदा कुणाची लाथ लागली की ती डूख धरते. मग बाकीच्या सहा जणी येऊन तिला शिवून गेल्या तरी चालतं, ती वाट बघत राहते त्या एकीची. बाईंना हे ऐकून बरं वाटतं. सामन्याच्या आधी तिला सांगायचं की समोरच्या सगळ्यांनीच लाथ मारलीय, असा त्यांचा सल्ला पडतो. उजव्या कोपऱ्यावरची मोनिका हरियाणाहून आली आहे. तिची घोट्याची पकड एवढी घट्ट की सुटल्यावरही समोरची लंगडत राहते. मराठीतले तिला ‘वाढा’ आणि ‘बास’ एवढेच शब्द येतात आणि दुसरा ती कधी वापरत नाही. मैदानात हाक मारली की तिला वाटतं, पंगत बसली.

“हात दाबून सांगता येतं ना? मग भाषा कशाला पाहिजे. आणि ही चिमणी?”

चिमणी म्हणजे प्रज्ञा कांबळे, सगळ्यात लहान, डाव्या कोपऱ्याच्या शेजारी उभी राहणारी. शुभांगी तिची खोड सांगताना चाचरते, कारण तिला प्रज्ञा आवडते. प्रज्ञा पकड फार सुंदर करते आणि मग तिला वाईट वाटतं. सराव सामन्यात तिनं एकीला मांडीला धरून खाली पाडलं, सॉरी ताई म्हणाली, आणि शिट्टी व्हायच्या आत तिला उठवायला हात दिला. त्या ताईनं तो हात धरला आणि हातासकट अंग ताणून मधली रेषा गाठली.

बाई हसतात. तोंडातली शिट्टीही त्यांच्याबरोबर हसते, पिर्र पिर्र वाजते, आणि खोक्यातल्या पोरी सरावानं उठून बसतात, बसून उठतात.

मग दोघी लाकडी बाकावर बसल्या आहेत, आणि हा दवाखाना आहे, लसीच्या रांगेचा. सगळ्या बायकांच्या मांडीवर बाळं आहेत. बाईंच्या मांडीवर लाडवांचा डबा आहे. ठकी कुठं आहे म्हणून शुभांगी घाबरून बघते तर ठकी राखीव खेळाडूंच्या बाकावर, नंबराची जर्सी घालून, स्वतःची मूठ चोखत बसली आहे.

तिकडं कसं आहे, असं शुभांगी विचारते. बाई तोंड वाकडं करतात. मैदान चांगलं आहे म्हणतात, लाल माती आहे, तुमच्यासारख्या रबरी सतरंजीवर खेळत नाही कुणी. पोरी एकाहून एक. पण खेळ पुढं सरकत नाही.

“का?”

“श्वास कुणाला घ्यावा लागतोय तिथं? दम तुटतच नाही. आमच्याकडची एक पोरगी मी गेले त्या दिवशी चढाईला गेली, ती अजून कबड्डी कबड्डी करतीय.” बाई पुढं वाकतात. “ती परत येईपर्यंत म्हटलं, तुमचा संघ बघून येते.”

नर्स दार उघडून पुकारते, “डावा कोपरा कोण?”

कुणीच उठत नाही. नर्स पुन्हा पुकारते. बायका एकमेकींकडे बघतात. बाई शुभांगीकडे बघत नाहीत. त्या बुटाची नाडी बांधताहेत, आणि बांधून वर बघतात तेव्हा दवाखाना नाही, ठकीच्या खालचं निळं रबरी कापड आहे, पसरत पसरत मैदानाएवढं झालेलं. त्यावर पांढऱ्या रेषा आखल्या आहेत. पोरी हातात हात घालून उभ्या आहेत: मोनिका, फरझाना, तेजल, बाकीच्या, आणि डावीकडे शेवटी प्रज्ञा. प्रज्ञाचा डावा हात मोकळाच पुढं आलेला आहे, पंजा उघडा. तो तसाच धरून तिचा हात दुखत असणार.

“वाच,” बाई म्हणतात.

शुभांगी वाचते. चढाईत आपण पहिल्या दोनात. उजवी बाजू अभेद्य. राखीव खेळाडू बेताच्या. उपांत्य फेरीपर्यंत जायला हरकत नाही.

“आणि डावी बाजू?”

“जागा रिकामी आहे.”

बाई शिट्टी वाजवतात. ती जुनी शिट्टी, पोटातून ओढून काढलेली, जिच्यामुळे शाळेवरची कबुतरं उडायची.

“शुभे, तू कुठं उभी आहेस?”

शुभांगी खाली बघते. तिचे पाय शेवटच्या रेषेच्या बाहेर आहेत. दोन्ही. तिथंच उभी राहून ती मघापासून सगळ्यांच्या खोडी वाचते आहे.

“कुणी शिवलं तुला?”

शुभांगी सांगायला लागते. रात्री ठकी चारदा उठवते. कंबर अजून भरून येते. दूध सुटतं. शिबिर पुण्याला आहे, पोरगी कुठं ठेवायची. आणि मुख्य म्हणजे दम राहिलेला नाही.

“ते विचारत नाही मी. शिवलं का कुणी?”

“नाही.”

“पंचांनी बाद दिलं?”

“नाही.”

“पोरगीला शिबिरात आणू का, असं त्या मोहित्याला विचारलंस?”

“नाही म्हणाले असते.”

“विचारलंस का?”

बाई पोरींकडे वळतात, वर्गात एखादीचं अक्षर सगळ्यांना दाखवावं तसा शुभांगीकडे हात करतात.

“हिची खोड ही. आठवीपासनं ही. समोरची नुसती हिच्याकडं वळली की ही मागं सरते, आणि पाय रेषेबाहेर. समोरचीला शिवायचे कष्टसुद्धा नकोत. फुकटचा गुण.” मग त्यांना काहीतरी आठवतं आणि त्यांचा चेहरा फुलतो. “आणि काल काय करत होतीस गं गच्चीवर?”

शुभांगीच्या कानाच्या पाळ्या तापतात. काल संध्याकाळी, कुणी नाही असं बघून, तिनं गच्चीवर दम घेऊन बघितला होता. कबड्डी-कबड्डी करत निघाली आणि दोरीवरच्या दुपट्यांपाशी पोचायच्या आत संपली. मग दुपटी काढून, छातीशी धरून, खाली येऊन रडली होती.

“दम मोजत होते, बाई.”

“कोपरेवाली दम मोजतीय,” बाई पोरींना सांगतात. मोनिकालासुद्धा कळतं, ती फिस्सकन हसते. “अगं, दम चढाई करणारीला लागतो. तू कुठं चढाईला जातेस? तू उभी राहायचंस. तिचा दम सरेपर्यंत उभी राहायचंस. रात्रभर उभी राहतेसच ना ती पोरगी खांद्यावर टाकून? तेवढं जमलं की झालं.”

शुभांगीला हसू येतं, आणि हसताना रडू येतं, आणि दोन्ही एकदम आल्यानं नाक वाहायला लागतं. ती विचारते, तुम्ही बघायला याल का सामने?

दूर कुठंतरी कुणीतरी कबड्डी-कबड्डी करत परत येतं आहे. बाई तिकडे कान देतात, नाराज होतात, आली वाटतं म्हणतात, आणि डबा बगलेत मारून रेषेपाशी येतात. वाकून शुभांगीचं डावं मनगट धरतात. धरतात म्हणजे काय, पकडच घालतात, आणि विहिरीतून बादली ओढावी तशी तिला आत ओढतात. तोल जातो. उजवा हात कुणाच्या तरी पंजात जातो, तो पंजा लहान आहे, घामेजलेला आहे, आणि सॉरी ताई म्हणतो.

फोन वाजतो आहे.

पंखा पंख्यासारखा फिरतो आहे. ठकी जागी झाली आहे, रडत नाही, टक लावून आईकडे बघते आहे. लॅपटॉपचा पडदा काळा झाला आहे. शुभांगी चाचपडत फोन उचलते. मोहिते सर विचारतात, मजकूर झाला का, आणि डाव्या कोपऱ्याचं काय ठरलं.

“सर, आधी एक विचारू? शिबिरात माझ्या मुलीला आणलं तर चालेल का? बरोबर माझ्या सासूबाई असतील.” सासूबाईंना हे अजून माहीत नाही. ते संध्याकाळी बघता येईल.

उत्तर यायच्या आतच तिची टाच आपोआप मागं सरकते आणि पलंगाच्या कडेला टेकते. ती टाच पुढं घेते.

मोहिते म्हणतात, असं आजवर कुणी विचारलं नाही. मालकांना विचारावं लागेल. वेगळी खोली लागेल, गरम पाणी लागेल. मग विचारतात, रात्री फार रडते का? कारण तेजलला झोप लागत नाही जरासा आवाज झाला तर.

“रडते,” शुभांगी सांगते.

“बरं. बघतो मी. नाव घालू का तुझं?”

“घाला.”

ती फोन ठेवते आणि ठकीला घ्यायला डावा हात पुढं करते. मनगटावर चार बोटांचे लालसर वळ आहेत, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा, जरा लांबलेला, ओढल्यासारखा. ती हात उलटा करून बघते, सुलटा करून बघते. वळ अजून गरम आहेत.

ठकी तिचं मनगट दोन्ही हातांनी जवळ ओढते आणि एकेका वळावर आपलं बोट ठेवून बघते. तिचं बोट कुठल्याच वळाला पुरत नाही.