भाईसाहेबांच्या मराठीची फाइल

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं, आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भोपाळहून बदलून आलेले एक अधिकारी राहायला आले. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली. एकुलत्या मुलीनं पुण्याच्या मराठी मुलाशी लग्न केलं होतं. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर एका रविवारी खाली आले. विहीणबाई फोनवर इतकं बोलतात आणि आपण नुसतं हां हां करतो, म्हणाले. मला मराठी शिकवा, दीदी.

मी भाईसाहेबांची, त्यांना मी तसंच म्हणायचे, फाइल केली. दर रविवारी त्यांनी लिहिलेलं एक पान तारीख घालून तीत लावायचं, महिन्याकाठी त्यांचं बोलणं कॅसेटवर भरायचं. पहिल्या पानावर चारच ओळी, त्यातली पहिली 'माझा नाव'. पहिल्या कॅसेटमध्ये त्यांनी केळं नाही, 'केला' खाल्ला होता.

सातआठ महिन्यांनी ते तोंड पाडून आले. फोनवर मोठ्या हिमतीनं विहीणबाईंना विचारलं होतं, "तुम्ही काहून नाही येत रायपूरले?" पलीकडे हसू फुटलं. ते ऐकून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरी असंच वऱ्हाडी वळणाचं बोलतात, 'का' ऐवजी 'काहून'. पुस्तक उघडं ठेवून शिकवतानाही ते माझ्या तोंडून त्यांच्या तोंडी गेलं होतं. आता शिकणं पुरे, ते म्हणाले.

मी समजूत घातली नाही, फाइल पुढे ठेवली. ते पानं उलटत राहिले. चार ओळींच्या दहा झाल्या होत्या, मग पाठपोट पानं. गुढियारीच्या गल्ल्यांत चुकलेला रस्ता. भोपाळचा तलाव. एका पानावर बायकोचं आजारपण. तिथे मी एकही चूक दाखवली नव्हती. ते पान त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"हे मी लिहिलं?"

"तुम्हीच. आता काहून सोडा, का म्हणा."

"नाही दीदी, तुमच्याकडून शिकलो तसं काहूनच म्हणीन," ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी वेळेवर आले.

वर्षभरानं मुलीच्या बाळंतपणाला ते पुण्याला गेले. ऐनवेळी ऑपरेशन करावं लागलं. भाईसाहेबांकडून नंबर घेऊन दवाखान्यातून विहीणबाईंनी मलाच फोन केला. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

"मी फार घाबरले होते हो," त्या म्हणाल्या. "भाईसाहेब शेजारी बसून आपल्या बायकोच्या आठवणी सांगत राहिले, अगदी हळूहळू, मराठीत. म्हणून मला तिथे बसून राहता आलं."