स्वेच्छेने अनवाणी

"बूट हातात घे," विम्याचा साहेब म्हणाला. "नीट धर. दोन्ही दिसले पाहिजेत."

राइस मिलच्या ऑफिसासमोर, आईच्या खांद्याला धरून मी उभी. दोन्ही पायांना पट्ट्या. हातात काळे गमबूट. कोरे. आतला पुठ्ठाही काढलेला नाही. पुरुषी मापाचे. त्याने मोबाइलवर फोटो काढला. मग नाकावर रुमाल धरून म्हणाला, "आता पट्टी सोड." मी सोडली. हमाल बघत होते. "अजून."

मिलचा मालक, शेठ, बाजूलाच उभा होता. "फोटो साफ आना चाहिए, साहब."

हे बूट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आमच्या मिलमध्ये धान टाकीत उकडतात आणि पटांगणात वाळवतात. बाया त्यात पाय ओढत रांगा पाडतात. अनवाणी. बारावी झाल्यावर मी आईसोबत जायला लागले. पहिल्याच दिवशी मुकादम ओरडला, "चप्पल काढ वो! धान म्हंजे लक्ष्मी होय."

मी म्हटलं, आम्ही बौद्ध. आमच्या घरी लक्ष्मी नाही.

"तुह्या घरी नसन. शेठच्या घरी हाये. काढ."

काढली. शेठ मात्र त्याच धानावरून बूट घालून फिरायचा. त्याला कोणी थांबवलं नाही.

एके दिवशी टाकीतलं वाफाळतं धान हातगाडीतून ओतताना ढीग घसरला. माझ्या पायांवर. धान झाडलं तेव्हा कातडी सोबत आली.

शेठने दवाखान्यात नेलं, बिल भरलं. माणूस बरा, असं मला वाटलं. मग ते बिल त्याने विमा कंपनीकडे परत मागितलं. कंपनी म्हणाली, कामगार अनवाणी होती, तुम्ही बूट देण्याची अट मोडली, मिळणार नाही. शेठ फोनवर शिव्या द्यायचा. आई रोज ऐकून यायची.

आणि फोटोच्या त्या दिवशी शेठ आणि साहेब एका बाकावर बसून चहा पीत होते. काल भांडणारे आज एकमेकांना कप पुढे करतात, तेव्हा तिसऱ्याचं काहीतरी गेलेलं असतं.

साहेबाने कागद पुढे केला. "इथे सही."

सहीचा कागद कसा वाचायचा, हे मी विहारात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवरून शिकले. आधी वरचा मजकूर वाचायचा, मग खाली सहीची जागा बघायची. वर लिहिलं होतं: 'मालकाने गमबूट दिले होते. सदर महिलेने धार्मिक श्रद्धेपोटी ते स्वेच्छेने काढून ठेवले.'

म्हणजे बिल शेठला परत मिळणार. चूक माझीच, म्हणून पायांची भरपाई कंपनीही देणार नाही, शेठही नाही. दोघं सुटले.

"काऊन अडून रायली?" आई हळूच म्हणाली. "थ्यानं दवाखान्यात नेलं ना तुले. कर सही."

मी पान उलटलं. मागे साक्षीदाराची सही. वाकडीतिकडी, ओळखीची. आईची.

"आई, हे कवा केलं?"

"दवाईचा कागद म्हून सांगतलं शेठनं."

शेठ हसला. "अरे बेटी, घर की बात है. एक सही कर दे, तेरा भी काम चालू, माँ का भी."

साहेब म्हणाला, "शिकलेली दिसतेस. कोर्टात गेलीस तर वर्षं जातील."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "बूट आजच आणले, असं लिहा. चप्पल मुकादमाने काढायला लावली, असं लिहा. लगेच सही करते."

त्याने पेनाचं टोपण लावलं. शेठचं हसू गेलं. "कल से दोनों मत आना."

मी कोर्टात भरपाईचा अर्ज टाकला. शेठचं आणि कंपनीचं उत्तर आलं. वकील दोन, मजकूर एकच. सोबत आईच्या सहीचा तोच कागद.

आई म्हणते, "मी खोटी ठरीन वो."

मी तिला सांगितलं, "फसवून घेतली, असं सांग. नाही सांगितलंस तर मी तुझ्या सहीविरुद्ध बोलेन. तुझ्यासमोर, भर कोर्टात."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पहिली तारीख मंगळवारी आहे. ती येवो न येवो, मी उभी राहणार.