काकांच्या नावाचा थांबा

आमच्या भोर-वेल्ह्याकडं जागेला नाव पडायला माणूस थोर असावा लागत नाही. उत्रोलीकडच्या एका भातखाचराला सगळे फौजदाराचं खाचर म्हणतात. चौकशी केली, तर मालकानं कधी पोलीस चौकीची पायरीही चढलेली नव्हती. मिशा तेवढ्या फौजदारासारख्या होत्या. असल्या चौकशांची मला खोडच आहे. हिला वळण दिसलं की हिचं तोंड सुरू, असं माहेरची माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

एक नाव मात्र माझ्या डोळ्यांदेखत पडलं. मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावर, एका चढणीवरच्या थांब्याला आमच्या काकांचं नाव आहे. (ते मी इथं लिहीत नाही. वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायला अजून माझी जीभ अडते.) काकांनी ना रस्ता बांधला, ना विहीर खोदली. चढणीवर आंब्याखाली बसायचे आणि वाडीवरनं कुणी धावत उतरताना दिसलं की रस्त्याच्या मधोमध उभं राहून एसटी अडवायचे. “दमानं घ्या की, बाई येतीया!” ड्रायव्हर शिव्या घालायचे. पण पुढं पुढं कंडक्टरच तिथं काकांचं नाव पुकारून बेल मारायला लागले. ना ठराव झाला, ना नारळ फुटला. काका गेले तरी गाड्या थांबत राहिल्या.

अडचण एकट्या काकीची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिची रीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिकीट काढताना ती म्हणायची, “मार्गासनीच्या फुडची चढण द्या.” जुने कंडक्टर हसून द्यायचे.

मध्यंतरी रस्ता रुंद झाला. त्यानंतर एकदा मी काकीबरोबर नसरापूरहून घरी निघाले होते. काकीनं नेहमीसारखं तिकीट काढलं, मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी आमची चढण सोडून पुढं निघालेली. खिडकीतून नवी पाटी दिसली: आंब्याचा थांबा.

“काकी, उतरली का नाहीस?”

“त्यो आंब्याचा थांबा म्हनून वरडला. आपला कुठं म्हनला?”

वेल्ह्याला उतरावं लागलं. स्टँडवर मी तिला पाटीचं सांगितलं आणि तणतणले, काकांचं नाव पुसणारा हा दीडशहाणा कोण? 

“म्याच,” काकी म्हणाली. “पाटीवाले आलते. थांब्याचं नाव काय म्हनून इचारलं. दुसरं कुनी न्हवतं. मालकांचं नाव तोंडानं कसं घ्यायाचं? म्हनलं, आंबा हाय बगा हितं. त्येंनी त्येच लिवलं म्हनायचं.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आमाला ना लेक ना लेकरू. नाव तेवढं ऱ्हायलं व्हतं त्यांचं. त्ये बी म्याच घालवलं.”

मला आधी हसू आलं आणि लगेच भडभडून आलं. 

परतीच्या गाडीत कंडक्टर तरणा होता. “कुठं, आजी?” मी सांगणार तोच काकीनं माझा हात दाबला. पदर सारखा केला आणि काकांचं नाव घेतलं. अगदी स्पष्ट. कानापर्यंत लाल झाली होती ती.

“असला थांबा न्हाई या रोडवर,” कंडक्टर म्हणाला.

काकीचा चेहरा उतरला. क्षणभरच.

“हाय. आला की म्या सांगते, तवा बेल मारा.”

चढण लागली तशी ती दांड्याला धरून उठली आणि कंडक्टर पुकारतात तसं काकांचं नाव खणखणीत पुकारलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा आणि त्याच्या शेजारची बाई पिशव्या उचलून उतरायला उठली.