नलूच्या खिडकीतली वाटी

"सुमे, मी गेले की महिन्याभराने एक्स-रेच्या खोलीपाशी जा आणि माझी वाटी तिथं आहे का बघून ये," नलू म्हणाली होती. ती आमची शेवटची भेट. अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात, मुलाबाळांची काळजी करतात. नलूला ना देव होता, ना मुलंबाळं. नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन ती उशीला टेकून बसली होती आणि आपल्यामागे कोण काय बोलेल याच्या नकला करत होती. "अपरिमित हानी म्हणतील बघ. पोकळी तर म्हणतीलच." हसता हसता तिला दम लागला... मग म्हणाली, "बाकी काही राहिलं नाही तरी चालेल. वाटी राहिली पाहिजे."

त्याच आठवड्यात ती गेली. फोन तिच्या दवाखान्यातल्या मावशींचा आला. तो ठेवेपर्यंत मोबाईलच्या ग्रुपवर गुलाबांचा आणि जोडलेल्या हातांचा खच पडला होता. सगळ्यात आधी लिहिलं होतं ते ज्यांनी तिला भर बैठकीत 'आडदांड बाई' म्हटलं होतं त्या रुग्णालयाच्या समितीवरच्या गृहस्थांनी. पहिल्या ओळीत अपरिमित हानी, दुसऱ्या ओळीत पोकळी. मी फोन पालथा घातला आणि चहा टाकला.

डॉक्टर नलिनी, म्हणजे आमची नलू, नगरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात छातीच्या आजारांची डॉक्टर होती. (आता अहिल्यानगर म्हणायचं, ती शेवटपर्यंत नगरच म्हणाली.) आम्ही दोघी तिसगावच्या, एका भिंतीच्या शेजारणी. तिची आई मंगळसूत्र गाठवायला पटवेकऱ्याकडे द्यायची तेव्हा ते परत येईपर्यंत पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधायची. सवाष्णीनं गळा मोकळा ठेवायचा नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. नलू तेव्हाही गप्प बसणारी नव्हती. "मोकळा ठेवला तर काय बाबा लगेच आडवे होणार का?" असं तिनं एकदा विचारलं आणि पाठीत लाटणं खाल्लं. पुढे तिनं लग्न केलं नाही, कुठलं व्रत केलं नाही, आणि माझ्या घरच्या हळदीकुंकवाला आली की दारातूनच ओरडायची, "तुमचं एकमेकींना रंगवणं झालं असेल तर खायला वाढा." रीतिरिवाजांचा तिला मनापासून तिटकारा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण शोकसभेत एका वक्त्यानं तिला 'आपल्या परंपरांची सेविका' करून टाकलं. नलू असती तर उठून गेली असती, तीही खुर्ची आपटून.

तिच्याकडे पाथर्डीकडच्या बायका फार यायच्या. दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जायचं, उन्हाळ्यात परतायचं, मधल्या काळात खोकला अंगावर काढायचा. अशीच एक कौसल्या आली, सासूला घेऊन. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, छातीचा फोटो काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. फोटोच्या खोलीतल्या माणसानं सांगितलं, गळ्यातलं काढा. ती नाही म्हणाली. नलूला बोलावलं. नलू आली आणि नेहमीसारखी कडाडली, "नवऱ्याचा जीव काय त्या मण्यांत हाय व्हय?" कौसल्या उठली, पदर सावरला आणि चालती झाली. कागदावर लिहिलं गेलं, रुग्णानं नकार दिला. सगळे मोकळे झाले... टोळीबरोबर कौसल्याही ऊस तोडायला गेली.

परत आणली तेव्हा तिला उचलून आणावं लागलं. तेव्हा मंगळसूत्राचं कुणी विचारलं नाही, सासूनंच काढून घेतलं होतं. कौसल्या वॉर्डातच दगावली. सासू रडली नाही. नलूसमोर उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी नुस्त्या वरडला. हळकुंड बांध म्हनला असता तर बांधलं नसतं का तिनं?"

हे नलूनं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि ती साऱ्यांवर चिडली होती, स्वतःपासून सुरुवात करून. "मला माहीत नव्हतं का, सुमे? आईच्या गळ्यात बघतच वाढले ना मी? त्या फोटोवाल्याच्या आईनं बांधलं असेल, सिस्टरनं स्वतः बांधलं असेल. आम्ही सगळे याच जिल्ह्यातले. अंगात पांढरा कोट घातला की आम्ही काय विलायतेतून उतरतो काय?" मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणाली, "तू गप. माझी समजूत घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या खिडकीत स्टीलची वाटी आली. वाटीत दोरे ओवलेली हळकुंडं. मावशी दुपारी बसून दोरे ओवायच्या. दोरा आखूड, म्हणजे हळकुंड गळ्याशी बसतं, छातीवर येत नाही. बाईनं आधी हळकुंड बांधायचं, मग मंगळसूत्र काढून सासूच्या किंवा आईच्या हातात द्यायचं, फोटो काढायचा, परत घालायचं. "अन् ह्याचं काय करू?" असं कुणी हळकुंड दाखवून विचारलं की नलू म्हणायची, "घरी जाऊन आमटीत घाल." बायका हसायच्या. मुसलमान बायकांना हळकुंडाशी कर्तव्य नव्हतं, त्यांना आत परका पुरुष नको होता; तेव्हापासून मावशी आत उभ्या राहू लागल्या, आणि मावशी नसल्या तर खुद्द नलू. एखादी तरीही अडली की नलू तिच्याशेजारी बाकावर बसायची आणि विचारायची, "तुला काय अडचन हाय ते सांग." एवढंच. मला एकदा तिनं सांगितलं, "आदरबिदर मला काही वाटत नाही गं. माझ्या मते तो गळ्यातला पट्टा आहे. पण तो तिच्या गळ्यात आहे, माझ्या नाही. मला फोटो पाहिजे, तिला गळा भरलेला पाहिजे. मिटलं."

मग आदरवाले आले. एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये 'विविधता आणि सांस्कृतिक सक्षमता' या विषयावर प्रशिक्षण झालं. नलूनं मला जबरदस्तीनं नेलं, म्हणाली, "करमणूक आहे, चल." टाय बांधलेल्या तज्ज्ञानं पहिल्याच स्लाइडवर ग्रामीण स्त्री म्हणून जी दाखवली ती घागरा घातलेली, डोक्यावर दोन माठ घेतलेली, मागे वाळवंट. नलूनं हात वर केला. "ही बाई कर्जतची का शेवगावची?" हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तज्ज्ञ म्हणाले, हे प्रातिनिधिक चित्र आहे. पुढे गटचर्चा झाली, स्थानिक समजुतींचा सन्मान कसा करावा यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या, मग पनीर आणि गुलाबजाम. रुग्णांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्याबद्दल आदर मात्र दिवसभर ओसंडून वाहत होता.

प्रशिक्षणाचा परिणाम बघायला समितीवरचे तेच गृहस्थ रुग्णालयात आले. खिडकीपाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, विज्ञानाच्या ठिकाणी ही अंधश्रद्धा कशाला?" आणि वाटी उचलायला हात पुढे केला. नलू त्यांच्या छातीएवढी जेमतेम. "लावून बघा हात," ती म्हणाली. आवाज चढवलासुद्धा नाही. हात मागे गेला, आणि पुढच्या बैठकीत ती आडदांड बाई ठरली.

महिना झाल्यावर मी गेले. मला काय दिसणार याची कल्पना होती. खिडकीत वाटी नव्हती. तिथं प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी होती, आणि वर भिंतीवर भलं मोठं पोस्टर. 'आम्ही प्रत्येक संस्कृतीचा आदर करतो.' खाली नलूचा फोटो. चष्मा न घातलेला, हसरा, कुठून मिळवला कोण जाणे. मी नव्या टेक्निशियनला वाटीचं विचारलं. "ते इन्फेक्शन कंट्रोलमध्ये बसत नाही, मॅडम." कुंडीतल्या फुलांवर बोटभर धूळ होती, ती बहुधा बसत असावी. मग बायका नाही म्हणाल्या तर? "समुपदेशन करतो. तरी ऐकलं नाही तर नकार लिहून घेतो." इतकी वर्षं घासून ही माणसं पुन्हा पहिल्या जागेवर येऊन बसली होती, आणि वर नलूचा फोटो लावून.

बाकावर एक तरणी बाई आणि तिची सासू बसली होती. पोरीचं नाव पुकारलं तशी सासूनं पदराची गाठ सोडली, आतून पिवळ्या दोऱ्यातलं हळकुंड काढलं, सुनेच्या गळ्यात बांधलं आणि मंगळसूत्र उतरवून आपल्या मुठीत घेतलं. सून आत गेली. माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, कुणी सांगितलं हो तुम्हाला हे?

"सांगायचं काय त्यात? आमच्याकडं सगळ्यांस्नी ठावं हाय. ह्या दवाखान्यात फोटोला यायचं तर हळकुंड लागतंय. मागल्या येळंला वाटी दिसली न्हाई म्हनून ह्या येळंला घरूनच आनलं." मग आजूबाजूला बघत तिनं विचारलं, "त्या वरडनाऱ्या बाई कुठं हायत? आल्या न्हाईत का आज?"

मी पोस्टरकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो तिनं बराच वेळ बघितला. मग मी सांगितलं, बाई गेल्या... तिनं मूठ आणखी आवळली. थोड्या वेळानं पुन्हा पदराच्या गाठीत हात घातला, दुसरं एक हळकुंड काढलं, दोरा ओवलेलंच, आणि उठून खिडकीत कुंडीशेजारी ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या हितं. कुनाला तरी लागंल."

टेक्निशियन लगबगीनं पुढे आला.

"लावून बघ हात," मी म्हणाले.