पहिलं ‘नको’

फौजेत मी जे इंग्रजी शिकलो त्यात प्रश्न नव्हते. फॉल इन, रिपोर्ट, कॅरी ऑन, आणि आपण येस सर म्हणायचं, संपलं. लंगरमध्ये थाळी पुढं करायची आणि पडेल ते खायचं. तुला काय पाहिजे असं कुणी विचारत नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. कोरेगावकडच्या आमच्या गावातही तीच तऱ्हा. पाहुणा उंबऱ्यात आला की चहाचं आधण चढतं. विचारायचं नसतं. ‘चहा घेणार का?’ असं कुणी म्हटलं की समजून घ्यावं, ह्यांच्या मनात पाजायचा नाही.

‘वुड यू लाइक’ अशी सुरुवात असलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते साहेबांच्या बायकोकडून. कसल्याशा सणाला आम्हा काही जवानांना बंगल्यावर बोलावलं होतं. बाईसाहेब केकची बशी घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, वुड यू लाइक सम केक? मी रीतीप्रमाणं नो मॅडम म्हटलं. आता त्या ‘अरे घे, लाजतोस काय’ म्हणतील, मी पुन्हा मान हलवीन, मग त्या तुकडा हातावर ठेवतीलच, असा माझा अंदाज. त्या ओके म्हणाल्या आणि पुढच्याकडं गेल्या. केक लय भारी दिसत होता, गड्या. मी बघतच राहिलो.

पेन्शनीत आल्यावर हे सगळं विसरूनही गेलो होतो. मग गेल्या वर्षी आमच्या मंडळीचं गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, महिनाभर रोज व्यायाम झाला पाहिजे, नाहीतर गुडघा आखडून बसेल आणि पैसे पाण्यात. म्हणून तिला सांगलीला मुलाच्या फ्लॅटवर ठेवलं. मुलगा कारखान्यात शिफ्टला जातो. सून केरळची, ख्रिश्चन, घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. मराठी तिला जेमतेम, हिंदी त्याहून लंगडी, म्हणून आमच्याशी इंग्रजीत बोलते. हे लग्न आमच्या घरात सुखासुखी झालं नव्हतं. माझ्या बायकोनंच वर्षभर अबोला धरला होता आणि मग हिनंच स्वतः जाऊन सुनेची ओटी भरली होती. त्यामुळं दोघींना दिवसभर एकत्र सोडून मी उसाला पाणी पाजायला गावी आलो, तो निर्धास्त मनानं आलो.

आठवडा नाही झाला तोवर हिचा फोन. मला घरी न्या. कारण विचारलं तर काही नाही, नुसतं घरी न्या. पाठोपाठ मुलाचा फोन आला. आई दिवसभर काही तोंडाला लावत नाही, रात्री मी समोर बसून वाढलं तरच जेवते, असं तो सांगत होता. मग म्हणाला, “बाबा, ही काल रडली. तिला वाटतंय, आई तिच्या हातचं खात नाही.”

हातचं खात नाही, म्हणजे काय ते त्यानं बोलायची गरज नव्हती. हिच्या मनात तसं काही असेल तर गुडघा राहू द्या, घरच मोडलं म्हणायचं. आणि नसेल, तर मग ही उपाशी का राहते? सकाळच्या गाडीनं सांगली गाठली. गाडीत ठरवून टाकलं, हिला घेऊनच परत यायचं. दोघींमध्ये आणखी कडू होण्यापेक्षा गुडघा आखडलेला परवडला.

मी पोचलो तेव्हा व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. ती गोड आवाजात हिला म्हणाली, आंटी, वुड यू लाइक टू स्टँड अप? ही नको नको म्हणते तोवर तिनं काखेत हात घालून हिला उभीसुद्धा केली. बरं, म्हणजे ह्या वाक्याचा असाही उपयोग होतो तर. विचारल्यासारखं करायचं आणि हुकूम द्यायचा. माझ्या सुभेदाराला हे माहीत असतं तर तो फार लोकप्रिय झाला असता.

ती मुलगी गेली. सून आतून आली, हिच्याजवळ वाकून म्हणाली, “आई, वुड यू लाइक सम टी?” हिला त्यातलं ‘टी’ कळलं. ही म्हणाली, नो नो. सुनेनं मान हलवली आणि ती आत गेली. आणि ही, माझी बायको, त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिली. ते बघणं मला ओळखीचं होतं. केकच्या बशीकडं मी तसाच बघत होतो.

मी कपाळावर हात मारला. अगं, पोटात कावळे ओरडताहेत आणि नको कशाला म्हणतेस, असं विचारलं तर उलट मलाच म्हणाली, “एकदा इचारल्यावर लगीच व्हय म्हणायला मी काय हावरी हाय? ती व्यायामवाली न्हाई म्हणलं तरी उचलतीच की. मग हिलाच का कळंना?” तिला वाटत होतं, सून वरवरचं विचारते. वाढायचं मन असतं तर ताट समोर ठेवलं नसतं का?

मी स्वयंपाकघरात गेलो. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुनेला सांगितलं की आमच्याकडं पहिलं नको हे नको नसतं. दुसरंही नसतं. तिसऱ्यांदा माणूस ‘बरं, थोडंसंच’ म्हणतो आणि मग पोटभर खातो. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, तिच्या आईनं तिला शिकवलं होतं की नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नये, समोरच्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं. म्हणून ती मुद्दाम एकदाच विचारायची, मान राखायला. “मग इतके दिवस त्या भुकेल्या होत्या?” एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. तिला कसं समजवावं मला कळेना. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मनात कुणाच्याच काही नव्हतं. एक मान राखत होती, दुसरी रीत पाळत होती.

आता एकीनं तीनदा विचारायचं की दुसरीनं पहिल्यांदाच हो म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. मला वाटलं, आग्रह शिकणं सोपं, सून तरुण आहे, शिकेल.

दुपारी सून बाहेर आली. डोळे अजून लाल होते. हिच्या पायाशी बसली आणि एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, “आई, तुम्हाला काय आवडेल?”

हिच्या ओठावर नको आलं होतं, मी पाहिलं. ते तिनं गिळलं. मला दम निघेना. मी म्हटलं, चहाच कर, ती चहाच घेते.

“तुमी थांबा,” ही म्हणाली. कुणी अवघड गणित घातल्यासारखी ती विचार करत होती. मग म्हणाली, “दूध. गरम. साखर घालून.” आणि माझ्याकडं न बघता, “च्या मला कवाच आवडला न्हाई.”

मला आधी हसूच आलं. लग्न झाल्यापासून मी घरी असलो की ही माझ्यासमोर बसून रोज सकाळी चहा पीत आली. गोठ्यात दोन म्हशी, धार हीच काढते. ते दूध डेअरीला जायचं, पोरांना जायचं, माझ्या चहात जायचं. मी म्हटलं, अगं मग कधी बोलली का नाहीस?

“कुणी इचारलं कवा?” ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली.

सुनेनं पेलाभर दूध आणलं. हिनं ते दोन्ही हातांत धरून सावकाश संपवलं, पदरानं ओठ पुसले आणि पेला सुनेच्या हातात दिला. मी घड्याळ बघितलं. संध्याकाळची गाडी मिळत होती. मी विचारलं, पिशवी भरू का तुझी?

“तुमी जावा,” ती म्हणाली. “मी ऱ्हाते. हितं मला कुणीतरी इचारतंय.”