तिच्या जबाबातलं माझं वाक्य

अन्याय झाला तो सोळा वर्षांच्या एका मुलीवर. डिसेंबरातला बाजाराचा दिवस, दुपारचे सव्वाबारा. अन्याय केला मी, त्या वेळच्या सहायक उपनिरीक्षकानं. वर्दी उतरवून तीन वर्षं झाली. आता शाळाशाळांतून बोलत फिरते, आणि दर वेळी सुरुवात इथूनच करते.

सातपुड्यातल्या एका बाजारगावी आमचं ठाणं होतं. मुलींच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींचा फोन आला, "पोर चार दिवस धड जेवली नाही, आज बॅग घेऊन गेली." ती जीप थांब्यावर सापडली, येणारी प्रत्येक जीप निरखत. मोबाईलवर ओळख झालेला सुरतचा मुलगा भेटायला येणार होता. तो आला नाहीच, वर खातंही बंद करून टाकलं.

आणि मी काय केलं? तिला ठाण्यात टेबलासमोर उभं करून चढ्या आवाजात मराठीत विचारलं, "किती दिवस चाललंय? फोटो पाठवलेस का?" घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी ती पोर जमिनीकडं बघत राहिली. मी जबाबात लिहिलं, 'मुलगी सहकार्य करीत नाही', आणि वेळ टाकून सही केली. संपलं काम!

तेवढ्यात मावशी पोहोचल्या. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या," म्हणाल्या. मी दारातच थांबले. मावशी तिच्याजवळ फरशीवर बसून पावरीत बोलायला लागल्या. अर्ध्या तासानं ती रडली, मग बोलली; मावशी मला मराठीत सांगत गेल्या. आईवडील गुजरातेत मजुरीला. "सगळे अभ्यासाचं विचारतात. तो विचारायचा, जेवलीस का." शेवटी म्हणाली, जगायचंच नाही. हे ऐकल्यावर तिला एकटं सोडलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं.

मुलानं पैसे मागितले नव्हते, नको ते फोटोही नाहीत. मग हा कोण? मेसेज चाळता चाळता आमचा हवालदार हसला. "मॅडम, हाऊ सुरतना नही शे. सुरतमा काय बाजारनाच दिवशी रेंज येस का?"

खरंच. त्याचा प्रत्येक मेसेज बाजाराच्या दिवसाचा होता. वरच्या पाड्यांवर रेंज नाही, तिथली माणसं खाली बाजारात आली की फोन जिवंत होतात.

खात्यामागचा फोन नंबर काढला आणि पुढच्या बाजारी तो सापडला. सतरा वर्षांचा, भगरीचं पोतं घेऊन बसलेला. या वेळी मी साध्या कपड्यात होते, त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. खात्यावर फोटो कुणा भलत्याचाच लावलेला.

"त्या दिवशी का नाही आलास?"

"आलो होतो. तिच्यासमोरच उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मागच्या जीपकडं बघायला लागली."

तिथंच त्यानं खातं बंद केलं होतं. त्यानं फसवलं, हे खरं. पण तोही पोरच होता, स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटणारं. त्यालाही समुपदेशकाकडं पाठवलं.

ती सापडली त्याच्या तिसऱ्या दिवशीच तिचे वडील आले होते. "शाळा बस झाली. माझ्याबरोबर कामाला येईल." मी माझं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं आणि सांगितलं, हे खोटं आहे, मी लिहिलंय, माझं चुकलं. त्या वाक्याखाली मावशींसमोर घेतलेला नवा जबाब होता. मावशींनी तो पावरीत सांगितला.

वडील मुलीकडं वळले. म्हणाले, "मला का नाही बोललीस?"

"तू फोन करतोस तेव्हा विचारतोस कुठं?"

वडील एकटेच जीपमध्ये बसले. निघताना खिडकीतून ओरडले, "जेवून घे!" ती वसतिगृहात राहिली, पुढं बारावी झाली.

पोरांना मोबाईल बिघडवतो म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांचा मला संताप येतो. तुम्ही काय विचारलं होतं त्यांना? मार्कच ना? आज घरी जा. पोराचा फोन हिसकावू नका. शेजारी बसा, घरच्या बोलीत विचारा, जेवलास का, जीव कशानं कासावीस होतोय का. आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.